बुडापेस्टची रात्रीची बोट : फोटोंसाठी घ्यावी का?

ऑक्टोबरात आईला घेऊन बुडापेस्टला गेले होते. तिच्या गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून डॅन्यूबवरची तासाभराची रात्रीची बोट घेतली. नुसतं बघायला जाणार असाल तर डोळे मिटून जा. फोटोंसाठी मी ५ पैकी ३ देईन.

तिकीट देताना वरचा उघडा डेक मिळेल म्हणाले होते. प्रत्यक्षात सुरुवातीची वीसेक मिनिटं जिन्याला दोर बांधलेला, विचारलं तर कुणी धड उत्तर देईना. खाली काचेआड बसावं, तर काचेत आतलेच दिवे. शेवटी आईची काळी शाल लेन्सभोवती गुंडाळून काचेला घट्ट टेकवली, तेव्हा कुठे सेचेनी पुलाच्या साखळ्या स्वच्छ दिसल्या. १८४९ चा हा पूल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडवला आणि शंभर वर्षं पुरी होताना, १९४९ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. त्याच्या खालून जाण्याचा तो अर्धा मिनिट किनाऱ्यावरून मिळणं शक्यच नाही.

वर गेल्यावर ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. बोट सरकत असते आणि इंजिनाची थरथर कठड्यातूनही हातात येते. म्हणून कठड्याला न टेकता, कोपरं अंगाशी धरून फोटो काढले. ३५ मिमीची लेन्स, एफ १.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं), आयएसओ ३२०० (उजेड टिपायची संवेदनशीलता वाढवलेली, पण फोटो दाणेदार येतो), शटर १/१२५ सेकंद. दहांतले तीन धड आले. काठावरची हंगेरीच्या संसदेची इमारत २६८ मीटर लांब आहे, इतक्या जवळून ती फ्रेममध्ये मावत नाही. घुमटावरच लक्ष द्या. बोट मार्गारेट पुलाकडे निघाली की उजव्या बाजूला उभं राहा, संसद तिकडेच येते.

अख्खी इमारत हवी असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेट्रोच्या एम२ मार्गाने बुडा बाजूला, म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर, बाट्यानी चौकात उतरा. संसद बरोबर समोर. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं असतं, तेवढ्यात काम उरका. पुढे आकाश काळं पडलं की दगडावरचं कोरीवकाम उजेडात पांढरं फटक होऊन जातं. मी ट्रायपॉडवर आयएसओ १००, एफ ८ ठेवून शटर दहा सेकंद उघडं ठेवलं. पाणी रेशमासारखं आलं, खांबन् खांब मोजता येतो.

पण रात्री त्या घुमटाभोवती पक्षी घिरट्या घालतात, आणि खालच्या दिव्यांत त्यांची पोटं सोन्यासारखी चमकतात. दहा सेकंदांच्या फोटोत, उडत असल्यामुळे, ते सगळे पुसले गेले. बोटीवरच्या त्या दाणेदार, किंचित तिरक्या फोटोत मात्र ते आहेत. आईने बोट ठेवून मोजले, सतरा. घरी फ्रेम करून लावलाय तो हाच.