फेथ कम्युनिटी नर्सिंगची प्रश्नपेढी: परीक्षा नाही, पण टाइमर आहे

काल कार्डावरून या ऑनलाइन प्रश्नपेढीच्या वर्गणीचे पुन्हा ३९ डॉलर गेले, म्हणून लिहायला बसले. नाहीतर आळसात राहून गेलं असतं.

पॅरिश नर्स, म्हणजेच फेथ कम्युनिटी नर्स, ही चर्चसारख्या ठिकाणी येणाऱ्या लोकांच्या तब्येतीकडे आणि मनाकडे बघणारी नर्स. मी मिरजेत शिकले, एनक्लेक्स (अमेरिकेतल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा) दिली, आता शिकागोजवळ आयसीयूत आहे आणि रविवारी चर्चमध्ये रक्तदाब तपासायला बसते. पास्टर म्हणाले, रीतसर सर्टिफिकेशन करून टाक. या प्रश्नपेढीच्या पानावर ‘सर्टिफिकेशन परीक्षेची संपूर्ण तयारी’ असं ठळक लिहिलेलं. घेतली. हिवाळ्यापासून वापरतेय.

आधी टाइमर. प्रत्येक प्रश्नाला ६० सेकंद, आणि तो बंद करायची सोयच नाही. शेवटी शेवटी लाल होतो, टिकटिकतो. आवाज घालवला तर स्क्रीन थरथरते. आता प्रश्न बघा: नवरा गेल्यापासून एक बाई गोळ्या घेत नाहीत, ‘देवानंच मला टाकलं’ म्हणतात, नर्सने आधी काय करावं? अहो, अशी बाई खरोखर समोर बसली की पहिलं मिनिट डोळे पुसण्यातच जातं, आणि तेवढा वेळ आपण गप्प बसायचं असतं. तेच तर काम! आयसीयूतल्या अलार्मना मी घाबरत नाही, पण या टिकटिकीने माझं डोकं फिरतं.

बरं, हे सगळं कोणत्या परीक्षेसाठी? तारीख बघायला गेले तेव्हा कळलं. अमेरिकेत नर्सना सर्टिफिकेशन देणाऱ्या एएनसीसी या संस्थेने २०१४ मध्ये या क्षेत्राचं सर्टिफिकेशन आणलं ते पोर्टफोलिओवर. कामाचे तास, घेतलेलं शिक्षण, केलेल्या कामाचे पुरावे मांडायचे. पर्यायांवर खुणा करायची परीक्षा नव्हतीच. आता तर नवे अर्जही बंद आहेत, जुन्यांना नूतनीकरण तेवढं मिळतं. सपोर्टला चॅटवर विचारलं, तर ‘प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेशी संपर्क साधा’. मग टाइमर कशाला? ‘वेळेच्या नियोजनाची सवय लागते.’ धन्य!

तेव्हाच एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण दरम्यान वेस्टबर्ग इन्स्टिट्यूट या हेच काम शिकवणाऱ्या संस्थेचा फाउंडेशन्स, म्हणजे पायाभूत, कोर्स सुरू केला. तिथे परीक्षेची हूल नाही, कोर्स पूर्ण केल्याचा दाखला मिळतो. आणि त्या अभ्यासाला या पेढीतली उत्तरांखालची स्पष्टीकरणं फार उपयोगी पडली, हे कबूल करावं लागेल. वेस्टबर्ग पाद्रींनी १९८४ मध्ये शिकागोजवळच्या पार्क रिजच्या लुथरन जनरल हॉस्पिटलमधून हे काम कसं उभं केलं, नर्सने शिकवायचं, सल्ला द्यायचा, योग्य ठिकाणी पाठवायचं, पण चर्चमध्ये सुई-ड्रेसिंग का करायचं नाही, सगळं नीट उलगडलंय. परवाच एक आजोबा पायाची जखम दाखवत म्हणाले, ‘तू नर्सच आहेस ना, बदल की पट्टी.’ मी डॉक्टरांना फोन लावून घरी येणाऱ्या नर्सची व्यवस्था करून दिली. आजोबा रुसले, पण मला नक्की माहीत होतं की मी कुठे थांबायचं. रुग्णाच्या श्रद्धेबद्दल विचारायचे ‘फायका’ नावाचे ठरलेले प्रश्नही (श्रद्धा कशावर, तिचं महत्त्व किती, सोबत कोण, आणि उपचारात आम्ही त्याचा विचार कसा करावा) इथेच तोंडात बसले. तेव्हा तीन तारे.

बाकी मजकूर जुनाट. १४०/९० ला अजून उच्च रक्तदाबाची रेषा धरतात; अमेरिकेत २०१७ पासून ती १३०/८० आहे. कळवलं, ‘नोंद घेतली’ म्हणाले, आकडा तसाच. मशीद, सिनेगॉग, देऊळ सगळे मावावेत म्हणून २००५ मध्ये या कामाचं नाव पॅरिश नर्सिंगचं फेथ कम्युनिटी नर्सिंग झालं, पण यांचे सगळे प्रश्न चर्चमध्येच घडतात. माझी पुण्याची मैत्रीण इथल्या देवळात हेच काम करते. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर काढून ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू ठेवणाऱ्या काकू तिला दरवर्षी भेटतात. साखर धाडकन खाली येऊ शकते, डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावं लागतं. त्यावर एकही प्रश्न नाही.

कालच्या ३९ डॉलरचा परतावा मागितलाय. वर्गणी रद्द करायचं बटण मोबाइलवर दिसत नाही, संगणकावरून जावं लागतं. टाइमर बंद करायची सोय ‘विचाराधीन’ आहे म्हणे.