बाबांचं एचएमटी 'जनता': सहा महिने वापरल्यानंतर

किती वाजले ते बघायला मोबाईल काढायचा आणि परत पर्समध्ये टाकताना वेळ काय होती तेच आठवू नये, असं माझं रोज व्हायचं. सकाळी नागपूरच्या उज्ज्वल नगरला मेट्रोत बसले की एकदा स्क्रीन चालू करायची. मग ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, आणि मान वर करते तो कस्तुरचंद पार्क. म्हणून जानेवारीत कपाटातून बाबांचं घड्याळ काढलं. बाबा अजनीला रेल्वेत होते. एचएमटीचं चावीचं 'जनता', 17 ज्वेल्सचं (म्हणजे आत झीज कमी करणारे सतरा बारीक खडे असलेलं), बारा वर्षं पडून राहिलेलं. चावी फिरतच नव्हती.

बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवरून आत एका बोळात एक काका बसतात. जेमतेम एक टेबल, डोळ्याला भिंग, काचेखाली उघडलेली घड्याळं. मी विचारलं, उद्या मिळेल का? ते म्हणाले, "घाई कायले करता ताई? तेल सुकलं आहे सारं. साफ करतो, मग आठ दिवस माझ्यापाशी चालू द्या त्याले, पाहू किती मागंपुढं जाते." नवव्या दिवशी मिळालं. सफाई, तेल, नवी काच मिळून नऊशे रुपये, पट्टा वेगळा. काढलेली जुनी काचही त्यांनी पुडीत बांधून दिली. ती मी ठेवली आहे.

एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. तिथले जुने कारखाने आता बंद झाले आहेत, त्यामुळे असं जुन्या बनावटीचं घ्यायचं तर बहुतेक वापरलेलंच मिळेल. झगझगीत रंगाची, कोरी करकरीत डायल दिसली तर सावध राहा. बरेचदा ती मागाहून रंगवलेली असते. आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये नक्की एक असतं.

या घड्याळात तारीख नाही, वार नाही, पावलं मोजणं नाही. विचारलेलं तेवढंच ते सांगतं. मनगट वळवलं, नऊ वीस झाले, संपलं. मान खाली घालून बसण्याचं कारणच उरत नाही. आता मला ठाऊक आहे की सीताबर्डीला डबा जवळजवळ रिकामा होतो आणि पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत त्यात मोकळी हवा असते. रोज चढणाऱ्या एका आजींशी ओळख झाली. त्या मेयो हॉस्पिटलात नातवाला डबा न्यायच्या. मोबाईलच्या दिवसांतही त्या समोरच बसत असणार.

खरी गोष्ट मात्र चावीची आहे. रोज सकाळी, चहा उकळत असताना, घड्याळ हातातून काढून पंचवीस-तीस फेरे द्यायचे. हातात घातलेलं असताना चावी देऊ नका, दांडीवर ताण येतो. शेवटी शेवटी स्प्रिंग घट्ट होत जाते आणि बोटांना कळतं, आता पुरे. तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही. पहिला आठवडा मला ते कळत नव्हतं, कारण लक्ष गॅसकडे. आता तो मिनिटभर मी दुसरं काहीही करत नाही. कानाशी धरलं तर सेकंदाला पाच टिकटिक ऐकू येतात, इतक्या जलद की मोजता येत नाहीत, नुसत्या ऐकायच्या.

चार दिवसांत दोनेक मिनिटं मागे पडतं. वय झालंय त्याचं. रविवारी काटे जुळवून घेते. गाडी पकडायची असेल तर पाच मिनिटं आधी निघा. पाण्यापासून जपा. नागपूरच्या मे महिन्यात चामड्याचा पट्टा घामानं सडतो, तेव्हा तीन महिने कापडी पट्टा लावा. भांडी घासताना मी ते खिडकीत काढून ठेवते. आई तिथून जाताना दर वेळी उचलून कानाला लावते.