बिया रुजवायची हीटिंग मॅट: आठ महिन्यांनंतर

ट्रेखाली ठेवायची, विजेवर तापणारी ही मॅट. मागच्या आठवड्यात तिच्या थर्मोस्टॅटचे (ठरवलेल्या तापमानानुसार मॅट चालू-बंद करणाऱ्या डबीचे) आकडे दिसायचे बंद झाले, म्हणून लिहायला बसले. सेटमध्ये काय येतं ते खोक्यावर आहेच. खोक्यावर नाही ते सेन्सरच्या वायरचं. ती इतकी आखूड की ट्रेच्या पहिल्या रांगेतच संपते. सेन्सर ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खुपसावा तर थर्मोस्टॅटची डबी अधांतरी, डबी टेकवावी तर सेन्सर हवेत. गार हवेतल्या सेन्सरला वाटतं अजून ऊब यायचीय, आणि मॅट तापतच राहते. लावलं होतं २४ अंशांवर. वेगळा थर्मामीटर खुपसला तर ३३! पिटुनियाची पहिली खेप वरचा थर सुकून गेली. तिला उजेड लागतो म्हणून बी नुसतं दाबून ठेवलेलं, वर मातीचं पांघरूणही नव्हतं. तक्रार केली तर उत्तर आलं, वायर तेवढीच येते. अहो, ते दिसतंय मला.

गोकर्ण आणि कर्दळ उगवेनात म्हणून तेव्हाच एक स्टार देणार होते. तीन आठवडे वीज जाळली, बिया मात्र गोट्यांसारख्या जशाच्या तशा. पण तो राग मॅटवर काढला हे चुकलंच. कवच टणक असेल तर पाणी आत शिरत नाही, मग बाहेरून कितीही शेक द्या. गोकर्णाच्या बीचा डोळा (शेंगेला चिकटलेली जागा) सोडून विरुद्ध बाजूला नेलकटरने बारीक टवका काढला. कर्दळीचं बी पॉलिश पेपरवर आतलं पांढरं दिसेपर्यंत घासलं (बोटंही घासली गेली). मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरल्या, न फुगलेल्या पुन्हा घासायला घेतल्या. पाचव्या दिवशी गोकर्ण वर!

लॅव्हेंडरचं उलटंच. ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून, पिशवीत घालून महिनाभर फ्रिजमध्ये, मग मॅटवर. बी जुनं असेल तर आधी दहा दाणे ओल्या टिश्यूत ठेवून बघते. निम्मेच फुटले तर दुप्पट पेरते.

एवढी तयारी झाल्यावर मॅट कामाची आहे, हे कबूल. पिटुनियाची दुसरी खेप मॅटवर आठव्या दिवशी दिसली, बाहेरच्या ट्रेमध्ये सोळाव्या. झेंडूला मात्र काही फरक नाही, त्याच्यासाठी वीज जाळू नका. आणि कोंब दिसले की ट्रेचं झाकण काढा, नाहीतर रोपं बुडाशी सडून आडवी पडतात.

थर्मोस्टॅट बदलून देतो म्हणतात, पाठवायचा खर्च माझा. नव्याची वायर किती लांब, असं विचारलंय. अजून उत्तर नाही.