कागद एका जिप्सीचे, चासी दुसरीच: मॉडिफाइड फोर बाय फोर घेणाऱ्यांसाठी

उंच केलेली, मोठ्या टायरची जुनी मारुती जिप्सी घ्यायच्या विचारात कोणी असेल तर त्याने पैसे देण्याआधी हे वाचावं. मी घेतलेली गाडी आज पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी आहे. माझे 4 लाख 60 हजार रुपये अडकलेत. आणि जिच्या आरसी बुकावर ही गाडी मला विकली गेली, ती खरी जिप्सी अपघातात कधीच मोडीत गेली होती.

मारुतीने जिप्सी 1985 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणली आणि 2019 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद केली. म्हणजे आता मिळते ती प्रत्येक जिप्सी वापरलेलीच, आणि बहुतेक पंधरा वर्षांच्या पुढची. वजनाला हलकी, लॅडर चासी (शिडीसारखा पोलादी सांगाडा, ज्यावर गाडी बसवलेली असते), चारही चाकांना पाटे, लो रेशोची ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद देणारा, हळू पण जोरदार गिअर असलेला डबा), त्यामुळे चिखलात आणि दगडांत तिच्याइतकी सोपी गाडी आपल्याकडे दुसरी नाही, असं मला अजूनही वाटतं. मागणी भरपूर आणि चांगल्या गाड्या थोड्या, अशा बाजारात लबाडाला जागा आपोआप मिळते.

जाहिरातीतल्या गाडीला तीन इंच लिफ्ट होती, 31 इंची मड टायर, विंच, स्नॉर्कल, रोल केज, पुढे-मागे डिफ लॉक (एक चाक घसरलं तरी डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप). चढावर एक चाक हवेत घेऊन वर सरकतानाचा व्हिडिओ होता. विकणारा स्वतःला हौशी म्हणवत होता. "दादा, मी डीलर नाही. जीव लावून बांधलीय. घरात दुसरं बाळ येतंय म्हणून काढतोय." प्रत्येक सुट्या भागाचं बिल त्याच्याकडे फाइलमध्ये लावलेलं होतं. विंचचं बिल, शॉक ॲब्सॉर्बरचं बिल, टायरचं बिल. आम्ही त्या फाइलवर बराच वेळ घालवला आणि तिथेच त्याचं काम झालं. मॉडिफाइड गाडीत हीच गोम आहे. वरून लावलेल्या वस्तू इतक्या असतात आणि त्यांची किंमत इतकी डोळ्यांत भरते, की ज्या दोन गोष्टींना खरोखर गाडी म्हणायचं, म्हणजे चासी आणि कागद, त्यांच्याकडे बोलणं वळूच दिलं जात नाही.

मी सोबत मिस्त्री नेला होता. जिप्सीवर हात बसलेला माणूस. त्याने इंजिन ऐकलं, कॉम्प्रेशन पाहिलं, धूर पाहिला, लो रेशोमध्ये टाकून गिअर सुटतो का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. इंजिन नंबर आरसीशी जुळवला, तोही अचूक जुळला. मी मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये नोंदणी क्रमांक टाकला. नोंदणी चालू, विमा चालू, बँकेचा बोजा नाही, ब्लॅकलिस्ट नाही. गाडीखाली मात्र नीट जाता आलं नाही, कारण भेट ठरली होती एका फार्महाऊसवर, जिथे ना पिट ना रॅम्प. टॉर्च लावून वाकून पाहिलं तर खाली सगळीकडे काळं, जाड, रबरासारखं कोटिंग. "गंज लागू नये म्हणून मुद्दाम मारून घेतलंय," तो म्हणाला, आणि त्याचंही बिल फाइलमध्ये होतंच.

टोकन यूपीआयने घेतलं. उरलेली रक्कम त्याने "मावसभावाच्या" खात्यावर टाकायला सांगितली. आरसीवर तिसऱ्याच माणसाचं नाव होतं. फॉर्म 29 आणि 30 (मालकी बदलाचे आरटीओचे अर्ज) त्या माणसाच्या सह्यांसह तयार होते, बाकी रकाने कोरे. दुसऱ्या हाताच्या बाजारात असे उघडे फॉर्म इतके सर्रास चालतात की कोणाला त्यात वावगं दिसत नाही.

फसवणूक उघड झाली ती आरटीओ एजंटकडच्या पोरामुळे. ट्रान्सफरच्या कागदांसाठी चासी प्रिंट लागते. नंबरवर पेन्सिल घासायची, वर पारदर्शक टेप चिकटवायची आणि उचलून फॉर्मवर लावायची. पुढच्या चाकाजवळ चासीच्या लांब पट्टीवरचं कोटिंग त्याने रॉकेलच्या फडक्याने पुसलं, दोन-तीनदा टेप मारली आणि मला हाक मारली. "साहेब, प्रिंट येतेय, पण बाजूला कड लागतेय बघा." मी बोट फिरवलं. नंबरच्या चारही बाजूंनी, साधारण तळहाताएवढ्या चौकोनात, पत्र्यावर एक बारीक उंचवटा होता. वेल्डिंग करून ग्राइंडरने घासलेला. चौकोनाच्या आतला पत्रा जरा खडबडीत, गंजाचे जुने खड्डे असलेला आणि बाहेरचा गुळगुळीत. नंबर खराच होता. तो दुसऱ्या गाडीच्या चासीतून कापून या चासीत बसवलेला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी रॅम्पवर चढवली आणि स्क्रॅपरने कोटिंग खरवडलं. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला सैन्याचा हिरवा रंग. डॅशबोर्ड उघडला तर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) तोच हिरवा. आता हिरवा रंग सापडला म्हणजे लगेच गुन्हा झाला असं नव्हे, हे इथे नीट सांगायला हवं. सैन्याच्या जिप्सी लिलावात रीतसर विकल्या जातात आणि नोंदवताही येतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा गाड्यांसाठी फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र मागितलेलं आहे, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याची गाडी स्वच्छ आहे. अडचण होते ती तसा कागद नसलेल्या, भंगारात गेलेल्या चासीची. तिला रस्त्यावर आणायला कोणाचं तरी जिवंत आरसी बुक लागतं. माझ्या गाडीत इंजिन अपघातातल्या जिप्सीचं, नंबरचा तुकडा तिच्याच चासीचा आणि बाकी सगळं सैन्याच्या भंगारातलं. म्हणून इंजिन नंबर जुळला, म्हणून ॲपवर सगळं ठीक दिसलं. ॲप कागद तपासतं. समोर उभी असलेली गाडी त्या कागदाची आहे की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही.

आरसीवरच्या गृहस्थांचा पत्ता शोधून मी त्यांना भेटलो. सत्तरीच्या आसपासचे निवृत्त शिक्षक. गाडी झाडावर आदळून चासी वाकली होती, दुरुस्ती परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी ती एका भंगारवाल्याला दिली. त्याने "कागद कटवायला लागतील" म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. पुढे नोंदणीचं नूतनीकरण कोणी आणि कसं केलं, त्यांना काही माहीत नाही. मी काय ते सांगितल्यावर ते बराच वेळ आरसीच्या झेरॉक्सकडे बघत राहिले. मग एवढंच विचारलं, "म्हणजे या गाडीखाली कोणी आलं असतं तर?" त्यांची भीती अगदी खरी होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत जो मालक आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते याचसाठी. गाडी मोडीत देताना नोंदणी रद्द करून न घेतलेले असे किती काका असतील, या विचाराने मला माझ्या पैशांपेक्षा जास्त अस्वस्थ केलं.

रॅम्पवर बाकीचंही बाहेर आलं. डिफ लॉकचे दोन लाल स्विच होते, त्यांच्या वायरी डॅशच्या मागे टेप गुंडाळून सोडून दिलेल्या. डिफरन्शिअल साधंच. हे तपासायला काही मिनिटं पुरतात: मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, लॉक चालू करा आणि एक चाक हाताने फिरवा. लॉक खरंच लागलं असेल तर दुसरं चाक त्याच दिशेने फिरतं. ते उलटं फिरलं तर लॉक नाही. टायरची नक्षी ताजी दिसत होती, पण साइडवॉलवरचा चार आकडी कोड आतल्या बाजूला फिरवून बसवला होता. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 3213 म्हणजे 2013 चा बत्तिसावा आठवडा. रबर कडक होऊन खाचांच्या तळाशी चिरा पडलेल्या होत्या.

सगळ्यात जास्त राग मला ब्रेकच्या होजचा (ब्रेक ऑइलच्या नळीचा) आला. गाडी तीन इंच वर उचलली, पण चाकाकडे जाणारा रबरी होज मूळ लांबीचाच ठेवला. चाक खड्ड्यात लोंबलं की तो ताठ ताणला जायचा आणि जोडापाशी त्याला तडे गेलेले दिसत होते. पैसे बुडवणं एक गोष्ट झाली, पण घाटात उतरताना तो होज सुटला असता तर मागे बसलेल्यांचं काय झालं असतं, याचा त्या माणसाने क्षणभरही विचार केला नाही. लिफ्ट केलेली कुठलीही गाडी बघताना चासीला जॅक लावून चाक पूर्ण लोंबू द्या आणि होजला ढील उरते का ते डोळ्यांनी बघा. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचा (चाकांच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोनही बघा. लिफ्टमुळे तो जास्त तिरका झाला की त्याचे क्रॉस (सांधे) लवकर जातात.

"पासिंग मी करून देतो, आरटीओला सगळं चालतं," असंही तो म्हणाला होता. चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि निर्मात्याचं मूळ स्वरूप यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बुल बार तर केंद्राने 2017 च्या डिसेंबरमध्येच बेकायदा ठरवले. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. तिथे लोक एका दिवसापुरते मूळ मापाचे टायर आणि पाटे लावून येतात. विकणारा "करून देतो" म्हणतो तेव्हा बहुधा हेच करून देणार असतो. अपघात झाला की विमा कंपनी याच बदलांवर बोट ठेवू शकते.

पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तेव्हा आधी "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकावं लागलं. चासीच्या चौकोनाचे फोटो, एजंटच्या पोराची टेप, आरसीवरच्या काकांचं लेखी निवेदन आणि बँकेचे व्यवहार एकत्र ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली गुन्हा नोंदला गेला. गाडी जप्त झाली. ती होणारच होती, आणि तसं झालं नसतं तर मीच कापून बसवलेल्या नंबरची गाडी बाळगणारा ठरलो असतो. ज्यांना चासीवर असा चौकोन सापडेल त्यांनी एक दिवसही गाडी चालवू नये आणि "तू पुढे कोणाला तरी खपव" हा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नये. मला तो सल्ला जवळच्या माणसांनी दिला.

तपासात कळलं की हा "हौशी" माणूस सतत गाड्या फिरवत होता. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. आपण डीलर नाही हे तो सारखं का सांगत होता, ते तेव्हा लक्षात आलं. त्याच्या दुसऱ्या एका जाहिरातीत मला तेच फार्महाऊस दिसलं, तोच पत्र्याचा शेड, फक्त गाडी पांढऱ्या रंगाची आणि बाळाच्या ऐवजी परदेशातली नोकरी.

म्हणून विनंती अशी: फाइलभर बिलं दाखवणारा, आरसीवर स्वतःचं नाव नसलेला, पैसे तिसऱ्याच्या खात्यावर मागणारा आणि खाली नवं कोटिंग मारलेली जिप्सी फार्महाऊसवरच दाखवणारा माणूस कोणाला भेटला असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. गाडी तुमच्या ओळखीच्या रॅम्पवर आणायला सांगा, चासी नंबरभोवतीचं कोटिंग स्वतः पुसा आणि आरसीवरच्या माणसाशी समोरासमोर बोला. ज्यांनी अशी गाडी आधीच घेतली असेल त्यांनी कोटिंग खरवडण्याआधी आणि नंतर असे दोन्ही फोटो तारखेसह काढून ठेवावेत, कोरे फॉर्म भरू नयेत आणि नोंद जिथली आहे त्या आरटीओला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. माझ्या प्रकरणात तपास अधिकाऱ्यांना आणखी तक्रारदार हवे आहेत. एकापेक्षा जास्त चासींवर तोच चौकोन सापडला तर हा धंदा चालवणाऱ्यापर्यंत त्यांना पोचता येईल.