नौदल की मर्चंट नेव्ही : चाचे समोर आल्यावर दिसणारा फरक

सातारा जिल्ह्यात लष्करात जाणे हा घरोघरी रुळलेला निर्णय आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात भरती म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. समुद्राचे तसे नाही. बारावी शास्त्र झालेला मुलगा ‘नेव्हीत जायचंय’ म्हणतो तेव्हा भारतीय नौदल आणि मर्चंट नेव्ही, म्हणजे व्यापारी जहाजांवरील नोकरी, हे दोन निराळे पेशे आहेत, हेच घरच्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. आणि ज्यांना ठाऊक असते ते हा फरक पगार आणि पेन्शन यांच्या हिशेबात सांगून मोकळे होतात. माझ्या मते तो चाचे, म्हणजे समुद्री लुटारू, समोर आल्यावर जितका स्वच्छ दिसतो तितका वेतनपत्रकात दिसत नाही.

सोमालियाच्या किनाऱ्यावरील चाचेगिरी 2008 मध्ये टोकाला गेली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव करून देशोदेशींच्या नौदलांना तेथे कारवाईची मुभा दिली. भारताने ऑक्टोबर 2008 मध्ये एडनच्या आखातात युद्धनौका धाडली. चीनच्या नौका डिसेंबरअखेरीस सान्या बंदरातून निघाल्या. पुढे भारत, चीन आणि जपान यांनी व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना सोबत करण्याची वेळापत्रके परस्परांशी जुळवून घेतली. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या आरमारांनी हे केले, ही बाब लहान नाही. (ज्या कान्होजी आंग्र्यांना सातारच्या शाहू महाराजांनी आपल्या बाजूस वळवून सरखेल म्हणजे आरमारप्रमुख म्हणून कायम केले, त्यांना इंग्रज चाचाच म्हणत असत, हेही जाता जाता आठवते.)

नौदलातील माणूस धोक्याच्या दिशेने जातो आणि त्याच्या हाती शस्त्र असते. ‘रुएन’ हे मालवाहू जहाज डिसेंबर 2023 मध्ये चाच्यांनी पळवले होते. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ते अडवले, सी-17 विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवण्यात आले आणि सुमारे चाळीस तासांच्या कारवाईअखेर 35 चाचे शरण आले, ओलीस ठेवलेले 17 खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. मात्र या पेशाचे ओझेही तितकेच खरे आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये ‘आयएनएस तबर’ने गोळीबाराला उत्तर देऊन चाच्यांची म्हणून जी नौका बुडवली, ती चाच्यांनी बळकावलेली थायलंडची मासेमारी नौका होती आणि तिचे मूळ खलाशी तीवरच होते, असे नंतर उघड झाले.

व्यापारी जहाजावरील खलाशाचे काम नेमके उलटे आहे. त्याने वेग वाढवायचा, कठड्याला काटेरी तार बांधायची, पाण्याचे फवारे सोडायचे आणि तरीही चाचे चढले तर ‘सिटाडेल’ नावाच्या आतून बंद होणाऱ्या मजबूत खोलीत शिरून वाट पाहायची. जानेवारी 2024 मध्ये ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरील 21 जणांनी, ज्यांत 15 भारतीय होते, हेच केले, ‘आयएनएस चेन्नई’वरून कमांडो आले तेव्हा जहाजावर एकही चाचा उरला नव्हता. येथे धैर्य लागते ते लढण्याचे नव्हे, गप्प बसण्याचे.

या दोन पेशांची गाठ कशी पडते हे ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ या व्यापारी जहाजाने दाखवले. सप्टेंबर 2010 मध्ये ते 15 भारतीयांसह पळवले गेले. 2011 च्या आरंभी भारतीय नौदलाने अरबी समुद्रात सुमारे 120 चाचे पकडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खंडणी मिळाल्यावर जहाज आणि आठ जण सुटले. परंतु भारताने पकडलेले आपले साथीदार सोडावेत म्हणून चाच्यांनी उरलेल्या सात जणांना रोखून धरले. ते घरी परतले ऑक्टोबर 2014 मध्ये. नौदलाच्या यशाची किंमत निःशस्त्र खलाशाने मोजली, असे मी तरी याकडे पाहतो.

पैशाचे थोडक्यात सांगतो. परदेशी जहाजावरील अधिकाऱ्याचे वेतन नौदलापेक्षा बरेच अधिक असते, पण ते करारापुरते. दोन करारांच्या मधला काळ बहुधा बिनपगारी. नौदलात एनडीएमार्गे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून अधिकारी होऊन, गेल्यास नोकरी स्थिर असते; अग्निवीर म्हणून गेल्यास चार वर्षांनी कमाल 25 टक्केच कायम होतात, हे घरी आधीच बोलून घ्यावे.

म्हणून ज्याला आज्ञा, शिस्त आणि शस्त्र यांची ओढ आहे त्याने नौदलाकडेच पाहावे, आणि अग्निवीर होण्याआधी एनडीएचा प्रयत्न करावा. ज्याला यंत्र, नौकानयन आणि अधिक कमाई हवी आहे त्याने मर्चंट नेव्ही निवडावी. मात्र चाचे आले तर सुटका दुसऱ्याच्या हाती असते, हे मुलाने आणि आईवडिलांनी दोघांनीही मान्य केलेले असावे. दोन्हींसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते, त्यामुळे एनडीए आणि आयएमयू-सीईटी (मर्चंट नेव्हीच्या अभ्यासक्रमांसाठीची भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा) या दोन्ही परीक्षा एकाच वर्षी देता येतात आणि निकाल हाती येईपर्यंत निर्णय लांबवता येतो. एजंटाला पैसे देण्याची घाई मात्र करू नये : प्रशिक्षण संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यताप्राप्त आहे का आणि नोकरी देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते.