बेभरवशाच्या पाळीसाठी पिरियड पँटी, सत्तेचाळिशीतल्या बाईचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते. ज्यांची पाळी अजून तारखेला येते त्यांनी पिरियड पँटीवर, म्हणजे रक्त आतच शोषून घेणाऱ्या, धुऊन पुन्हा वापरायच्या चड्डीवर, पैसे घालवायची गरज नाही, पॅडवर भागतं. पण ज्यांची पाळी जायच्या वाटेवर आहे, म्हणजे कधी तीन आठवड्यांत हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी नुसते डाग आणि कधी धो धो, त्या बायकांना ही वस्तू खरंच कामाची आहे. फक्त हिच्यात एक खोट आहे, ती कुठल्या जाहिरातीत सापडणार नाही आणि नेमकी आपल्याच वयाला नडते, त्याबद्दल खाली लिहिलंय ते वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. काउंटरवर बसणाऱ्या बाईला विचारा मधेच उठणं म्हणजे काय असतं, ड्रॉवरला कुलूप लावा, किल्ली घ्या, मॅनेजरना सांगा, आणि समोर पासबुक घेऊन उभे असलेले आजोबा घड्याळाकडे बघणार. पूर्वी चालून गेलं कारण तारीख ठाऊक असायची, त्या दिवशी पॅड लावूनच घरातून निघायचं. आता तारीखच राहिली नाही. मग काही महिने मी रोजच पॅड लावून जायचे, येवो न येवो, आणि सांगलीच्या एप्रिल-मे मध्ये रोज ते प्लॅस्टिक अंगाला म्हणजे जांघेत रॅश, खाज, वर ह्या वयातल्या अंगातून निघणाऱ्या वाफा वेगळ्याच. पँटी घेतली ती ह्या रोजच्या पॅडपासून सुटायला. कसंय, संस्थेत रोज थोडी रोख शिल्लक ठेवावीच लागते कारण कोण कधी काढायला येईल सांगता येत नाही, तसंच हे. आली तर सांभाळून घेते, नाही आली तर नेहमीची चड्डीच आहे ती.

दोन-तीन कंपन्यांच्या वापरल्यात, सगळ्या ऑनलाइन मागवलेल्या. इथे दुकानात विचारलं तर दुकानदाराने न बघताच पॅडचा पुडा कागदात गुंडाळून पुढे केला. नावं टाकत नाही कारण आतली रचना सगळ्यांची जवळपास सारखीच आहे, वर अंगाला लागणारा कोरडा राहणारा थर, मधे शोषून घेणारा, खाली पाणी बाहेर न सोडणारा पातळ थर, आणि बाहेरून साधं कापड. फरक पडतो तो दोन गोष्टींत. एक, हा शोषणारा भाग मागे कुठपर्यंत जातो. बसून काम करणारीला तो पार कमरेपर्यंत हवा, नाहीतर पुढे सगळं कोरडं आणि साडीला मागून डाग. आणि दुसरं मांडीचं इलॅस्टिक. किंमत मला एका नगाला ४५० ते ८०० च्या मध्ये पडली, महागातली जास्त चांगली असं काही नाही निघालं. ८०० वाली दिसायला भारी, लेस वगैरे, पण मागे पट्टी आखूड. अजून एक, घेताना 'पीएफएएस फ्री' लिहिलंय का बघा, डाग आणि पाणी धरू नये म्हणून कापडाला लावतात ती रसायनं आहेत ही, अमेरिकेत ह्यावरून एका नावाजलेल्या पिरियड पँटीच्या कंपनीवर दावा झाला आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. आपल्याकडच्या पाकिटांवर ह्याचा उल्लेख क्वचितच असतो, मी विचारलं तर एका कंपनीने उत्तर दिलं, बाकीच्यांनी थँक्यू फॉर शॉपिंग पाठवलं.

आता चार पॅडइतकं शोषते हा जाहिरातीतला दावा. मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने पाणी मोजून ओतून बघितलं (मुलगा म्हणाला, आई हे काय चाललंय, म्हटलं विज्ञान). चार पॅडांचं वगैरे काही नाही, एक बऱ्यापैकी पॅड भरेल इतकं गेलं की वरून ओल लागायला लागते. आणि पाणी पटकन शोषलं जातं, रक्त दाट असतं, त्याला वेळ लागतो. गाठी तर शोषल्या जातच नाहीत, त्या वरच राहतात. म्हणून धो धो दिवशी नुसत्या पँटीवर विसंबू नका, आत मोठं पॅड किंवा कप (रक्त धरायला आत बसवतात ती सिलिकॉनची वाटी), आणि पँटी बाहेरून राखणीला. डाग पडायचे दिवस, येणार येणार वाटतंय आणि येत नाही ते दिवस, शेवटी चार-चार दिवस रेंगाळणारं तपकिरी, ह्याला मात्र हिच्यासारखं काही नाही. रात्री झोपताना तर सुख आहे, चादर बघायला मधेच उठावं लागत नाही.

आता ती खोट. कापड काळं, आणि सगळं आत गुडूप. पॅड असलं की आपल्याला न मोजताही कळतं, आज किती बदलले, पुडा किती लवकर संपला, रंग कसा, गाठी किती मोठ्या. इथे काहीच दिसत नाही, संध्याकाळी बादलीत टाकली की विषय संपला. तारखेला येणाऱ्या बाईला ह्याने फरक पडत नाही, पण आपल्या वयात किती जातंय हेच तर कळायला हवं ना. ह्या वयात बऱ्याच महिन्यांत बीज सुटतच नाही, ते सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन (अस्तराला आवर घालणारं हार्मोन) तयार होत नाही, मग इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच गर्भपिशवीचं अस्तर वाढवत बसतं आणि दोन महिन्यांचं साचलेलं एकदम निघतं. त्यामुळे दांडी मारून आलेली पाळी जोरात येणं हे बऱ्याचदा ह्यातलंच असतं. पण दर तासाला पॅड भिजतंय असं सलग काही तास होणं, सात दिवसांच्या वर चालू राहणं, दोन पाळ्यांच्या मधेच जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, हे 'वयामुळे होतंय' म्हणून अंगावर काढायचं नाही. आपल्याकडे बायका अंगावर काढण्यात पटाईत, त्यात ही पँटी मदतच करते, हे माझं तिच्याबद्दलचं सगळ्यात मोठं म्हणणं आहे. कंपन्या लिहितात टेन्शन फ्री, थोडं टेन्शन राहू द्या की. निदान एक तरी फिक्या रंगाची, राखाडी किंवा बदामी घ्या, आणि जोराच्या दिवशी आत पॅडच लावा म्हणजे अंदाज राहतो. कप जमत असेल तर सगळ्यात उत्तम, बऱ्याच कपांवर मिलीच्या खुणाच असतात. पण ह्या वयात खाली कोरडेपणा येतो, मला तो घालताना त्रास झाला, आणि ज्यांनी तांबी बसवलीये त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा कारण हवा न सोडता कप ओढला तर तांबी पण ओढली जाऊ शकते.

ॲपचं पण थोडं सांगते कारण पँटीच्या पाकिटात एका ॲपचं कार्ड आलं होतं. अंदाजासाठी ते पूर्ण निरुपयोगी आहे. मागच्या काही पाळ्यांची सरासरी काढून पुढची तारीख सांगतं, आणि आपली सरासरी काढायची म्हणजे काय काढणार, मला त्याने थेट 'तुम्ही प्रेग्नंट आहात का' विचारलं. तसं ते विचारणं चूक नाही हो, ह्या वयात पण राहू शकतं, दोन महिने नाही आली की आधी घरच्या घरी टेस्ट करून घ्यावी. पण नोंद ठेवायला ॲप असो नाहीतर दिनदर्शिका, ठेवाच. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशोबाच्या खाली, पेन्सिलीने फुली मारते, जोर असेल तर दोन फुल्या, गाठी असतील तर गोल. डॉक्टर बाईंकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न तारखांचाच विचारला आणि मी ती पानं फाडून पुढे ठेवली तर त्या खूश. त्यांनी सांगितलं, लागोपाठच्या दोन पाळ्यांमधलं अंतर सात दिवस किंवा जास्त वर-खाली व्हायला लागलं आणि पुन्हा पुन्हा तसंच झालं की बदल सुरू झाला असं धरतात, साठ दिवसांच्या वर दांडी पडायला लागली की शेवटचा टप्पा, आणि तो टप्पा सुद्धा साधारण एक ते तीन वर्षं चालतो. पूर्ण बारा महिने आली नाही तरच गेली म्हणायची. आणि एकदा गेल्यावर थेंबभर डाग दिसला तरी सरळ दवाखाना, तिथे पँटीचं काम नाही. भारतात सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्य देशांत ५१, त्यामुळे तिकडचं वाचून 'मला अजून वेळ आहे' म्हणू नका.

तपासणीत मला हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, आतून सोनोग्राफी सांगितली, आणि पंचेचाळिशीच्या पुढे असल्यामुळे अस्तराची बायोप्सी (तुकडा काढून तपासतात ती). बायोप्सीला घाबरले होते पण निघाली नॉर्मल, फेरिटिन मात्र तळाला, जिना चढताना धाप का लागत होती ते तेव्हा कळलं. लॅबवाल्यांचं ते 'मेनोपॉज पॅकेज' घ्यायच्या आधी विचारा, त्यात एफएसएच ह्या हार्मोनची टेस्ट असते, ते ह्या काळात रोज वर-खाली होतं, ब्रिटनमध्ये डॉक्टरांना सूचना देणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही पंचेचाळिशीनंतर एरवी निरोगी बाईला लक्षणं असतील तर लॅब टेस्टशिवायच निदान करा असं आहे. तेवढ्या पैशात एक पँटी येते.

आमच्या भिशीतल्या एका वहिनींना तर एका दवाखान्यात पहिल्याच भेटीत पिशवी काढून टाका सांगितलं, बायोप्सी नाही काही नाही, वय झालं आता काय करायचीये ठेवून. हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये एवढं गाजलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली, तरी अजून ऐकायला मिळतं. काहींना ऑपरेशन लागतंच, पिशवीतच मोठ्या गाठी असतात, बायोप्सीत काही निघतं, ते वेगळं. पण वहिनी दुसरीकडे गेल्या, तिथे आधी रक्तस्राव कमी करायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, त्या फक्त जोराच्या दिवसांत घ्यायच्या असतात (पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल तर चालत नाहीत, आधी सांगा), आणि मग हार्मोनवाली तांबी बसवली. पिशवीत बसते, अस्तर पातळ ठेवते, जास्त जाण्यासाठी वापरली तर साधारण पाच वर्षं चालते. पण ती बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने कधीही डाग पडत राहतात, हे बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही आणि त्या वैतागून काढून घेतात. त्या महिन्यांत वहिनींनी माझ्या सांगण्यावरून ह्याच पँटी वापरल्या. आता म्हणतात, हे नसतं तर मी पण काढून टाकली असती.

गौरी-गणपतीच्या गोळ्यांचं पण ओघात येतं म्हणून. पाळी पुढे ढकलायची तर ती कधी येणारे हे माहीत पाहिजे, आपल्याला तेच माहीत नाही, त्यात गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत येतेच आणि मागे काही तपासायचं राहिलं असेल तर तेही झाकलं जातं. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. मी गेल्या गौरींना पँटी घालून निवांत पुरणपोळ्या लाटल्या, शिवायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या घरचं.

धुण्याचं. आधी गार पाण्यात बुडवून पिळायची, गरम पाण्यात रक्त पक्कं बसतं. मग साधी पावडर. कपड्यांना वास यायला घालतो ते कंडिशनर अजिबात नको, त्याने शोषायचं बंद होतं, ब्लीच नको, इस्त्री नको. इथपर्यंत सोपं आहे. वाळवणं हा खरा ताप. उन्हाळ्यात दुपारपर्यंत कडक, पण जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन दिवस आतला थर दमटच, वरून हात लावला तर वाळल्यासारखी वाटते आणि घातली की कुबट वास. पंख्याखाली उलटी करून टाका, दमट कधीच घालू नका, इन्फेक्शन होतं. पावसाळ्यासाठी म्हणून कमीत कमी चार तरी लागतात, दोनात काही भागत नाही, म्हणजे सुरुवातीचा खर्च अठराशे ते बत्तीसशे होतोच. बरं एक आहे, दोरीवर टाकली तर साधी काळी चड्डीच दिसते, शेजारच्या गच्चीतून कुणाला काही कळत नाही.

साइज कंबरेवरून घेऊ नका, नितंबाचं माप टेपने घ्या, आणि दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठी घ्या, ह्या वयात पोट सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतं. आधी एकच मागवा, घरी सुट्टीच्या दिवशी वापरा, बरी वाटली तर बाकीच्या. बऱ्याच कंपन्या अंतर्वस्त्र म्हणून परत घेत नाहीत. साडी-परकराखाली काही कळत नाही, लेगिंगखाली कड थोडी दिसते. डबल एक्सेलच्या वर फार कमी कंपन्यांकडे मिळते, ज्या बायकांना सगळ्यात जास्त लागते त्यांचीच साइज नसते, हे कुणीतरी त्यांना कळवा.

पाचात साडेतीन स्टार. अर्धा पावसाळ्याचा कापला, एक काळ्या रंगाचा.