नाण्यांचे फोटो: मोबाइल, स्कॅनर की मॅक्रो, आणि दिवा कुठे ठेवायचा?

नाण्यांच्या फोटोसाठी कोणता कॅमेरा घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: डब्यात नाणी कोणती आहेत? सोलापूरकडच्या संग्राहकाकडे सहसा सरमिसळ असते. गुलबर्गा, बिदर, विजापूर जवळ, म्हणून बहमनी आणि आदिलशाही तांबं. शिवराई, म्हणजे मराठ्यांचं तांब्याचं नाणं, असतेच. निजामाची हद्द लागून होती, त्यामुळे चारमिनारचा रुपया. शिवाय आजीच्या पेटीतून निघालेले राणीछाप आणि राजाछाप रुपये. झिजलेलं तांबं आणि चकाकणारी चांदी एकाच उजेडात नीट येत नाहीत. म्हणून निवड मेगापिक्सेलवर करू नका. लेन्स आणि नाणं यांच्यात मोकळी जागा किती उरते ते बघा, कारण उजेड तिथूनच आत शिरतो.

मोबाइल

हातात आहे, फुकट आहे, आणि नीट वापरला तर निम्म्या लोकांचं काम भागवतो. गडबड होते ती जवळ नेण्याच्या हौसेतून. बरेच फोन नाण्याजवळ नेले की आपोआप वाइड लेन्सच्या मॅक्रोवर (अगदी जवळून टिपायच्या मोडवर) जातात. मग फोन नाण्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर येतो आणि स्वतःचीच सावली पाडतो. दिवा कुठूनही धरा, आत पोचत नाही. त्यावर उपाय म्हणजे मॅक्रो बंद करायचा, २एक्स निवडायचं, फोन १५ सेंमी वर स्टँडवर ठेवायचा आणि नंतर फोटो कातरायचा (क्रॉप). स्वस्त फोनमधल्या २ मेगापिक्सेलच्या 'मॅक्रो कॅमेऱ्या'कडे बघूही नका.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. फोन स्वतःहून कडा धारदार करतो आणि सावल्या उचलतो. त्यात चांदीवरचा बारीक ओरखडा खोल दिसतो आणि झिजलेल्या अक्षराला नसलेली धार येते. विकत घेणाऱ्याला हे दोन्ही नको असतं. फोनमध्ये प्रो मोड आणि रॉ (फोनने न रंगवलेली कच्ची फाइल) असेल तर तेच वापरा.

स्कॅनर

नाणेवाले याला नाकं मुरडतात, पण यादी करायची असेल तर स्कॅनरइतकं झटपट काही नाही. ए४ काचेवर चाळीसेक नाणी एकदम मांडता येतात. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) ३०.५ मिमीचा ब्रिटिश रुपया साधारण १४४० पिक्सेलचा येतो, आणि डीपीआय ठाऊक असल्याने व्यास फोटोवरूनच मोजता येतो. घेताना एवढंच पाहा की तो सीसीडी जातीचा आहे, म्हणजे काचेपासून थोडं वर असलेलंही त्याला स्पष्ट दिसतं. प्रिंटरसोबत येणारे बहुतेक स्कॅनर सीआयएस जातीचे असतात. काचेला टेकलेलं तेवढंच त्यांना स्पष्ट दिसतं, त्यामुळे उंच कडेच्या नाण्याचा मधला भाग धूसर येतो.

स्कॅनरचा दिवा मात्र तुम्हाला हलवता येत नाही, फार तर नाणं फिरवता येतं. तांबं त्यात बऱ्यापैकी उमटतं. चांदीची चमक मात्र पार मरते आणि नवा कोरा रुपया शिशाच्या चकतीसारखा करडा दिसतो. काच आणि नाणं दोघांनाही ओरखडे नकोत म्हणून मधे पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ठेवा.

मॅक्रो लेन्सचा कॅमेरा

महाग आहे, पण दोन गोष्टी विकत मिळतात: तपशील आणि मोकळी जागा. तपशील मोजायला माझी आवडती कसोटी म्हणजे पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. गिऱ्हाईक पहिल्यांदा ती सोंडच पाहतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात नाणं चौकटीत भरून घेतलं तर दर मिलिमीटरला शंभरावर पिक्सेल मिळतात. १२०० डीपीआयच्या स्कॅनरला ४७ मिळतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये नाण्याने चौकटीच्या आखूड बाजूची एक तृतीयांश लांबी व्यापली, तर तीसेक. फोनमध्येही हत्ती दिसतो, पण सोंडेवरून वाद मिटत नाही.

जागेचं गणित लेन्सच्या लांबीवर आहे. ४० मिमीच्या मॅक्रोचं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलं तर जेमतेम १६ सेंमी असतं. त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी गेली की नाण्यावर तीन-चार सेंमी उरतात, म्हणजे पुन्हा मोबाइलचंच दुखणं. १०० मिमीच्या लेन्सला हेच अंतर साधारण ३० सेंमी असतं आणि चौदा-पंधरा सेंमी मोकळे राहतात. शिवाय १:१ ची, म्हणजे सेन्सरवर नाण्याएवढंच चित्र पाडायची, गरजही नसते. लहान सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यात रुपया मावायलाच अर्ध्या आकाराचं चित्र लागतं, त्यामुळे लेन्स आणखी वर जाते. म्हणून जुनी, फक्त १:२ पर्यंत जाणारी मॅक्रो स्वस्तात मिळाली तर बिनधास्त घ्या. शिवराईसारख्या लहान नाण्याला थोडं कातरावं लागेल, इतकंच. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ नळी) लावूनही काम होतं, पण जागा कमी मिळते.

उजेड

खरा फरक इथे पडतो, आणि खर्च सगळ्यात कमी.

झिजलेल्या तांब्याला एकच दिवा, अगदी खाली धरून, टेबलापासून पंधरा-वीस अंशांवर. मावळतीच्या उन्हात नांगरलेल्या रानातलं ढेकूळन्‌ढेकूळ दिसतं, तसं शिवराईवरचं 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्र पति' या तिरप्या उजेडात वर येतं. बोटाला जवळजवळ सपाट लागणारी बहमनी नाणीही वाचता येतात. दिवा नाण्याच्या वरच्या बाजूला, घड्याळातल्या अकरा किंवा बाराच्या दिशेला हवा. सहाच्या बाजूने उजेड दिला की डोळा फसतो आणि उठावाची अक्षरं कोरल्यासारखी खोल दिसतात.

हाच दिवा चांदीच्या चांगल्या रुपयावर टाकलात तर नुकसान तुमचं. प्रत्येक ओरखड्याला सावली पडते आणि चमक नाहीशी होते. चांदीला दोन दिवे, दहा आणि दोनच्या दिशांना, जितके लेन्सलगत आणि उभे धरता येतील तितके. नाणं हळूहळू फिरवलं की चमकेचा पट्टा सरकताना दिसतो, तो राजाच्या चेहऱ्यावर आला की थांबा. यासाठी दिव्याला लेन्सच्या कडेने उतरायला वाट लागते. लांब मॅक्रोचे पैसे त्या वाटेचे आहेत.

आरशासारखी प्रूफ नाणी, म्हणजे मुंबई टांकसाळीचे स्मारक संच, यांना तिसरीच तऱ्हा. लेन्स आणि नाण्याच्या मधे साधी काच ४५ अंशांत धरायची आणि दिवा बाजूने त्या काचेवर टाकायचा. उजेड काचेवरून खाली नाण्यावर पडतो, आणि सपाट पृष्ठभागावरून परत वर लेन्समध्ये जातो. दिव्यासमोरच्या बाजूला काळा कागद उभा करा. बराचसा उजेड वाया जातो, शटर लांबतं, पण मैदान (नक्षीमागचा सपाट भाग) लख्ख आणि नक्षीच्या कडा गडद येतात. फोटोफ्रेमची काच पुरते.

लेन्सभोवतीचा रिंग लाइट मी कुणालाच सुचवत नाही. त्यात उठाव सपाट होतो आणि चकचकीत नाण्यावर गोल कडं उमटतं. खिडकीचा उजेड फुकट आणि मऊ असतो, उत्तरेची खिडकी सगळ्यात बरी. पण आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊलाच ऊन पांढरंफटक होतं, आणि सकाळी काढलेलं नाणं दुपारच्याशी रंगात जुळत नाही. खिडकी वापरायची तर ट्यूबलाइट बंद. दोन्ही मिसळले की नाण्याची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते.

सोलापुरात नवी पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून वाकणाऱ्या मानेचे दोन टेबललॅम्प आणा, दोन्हींत एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे एलईडी बल्ब लावा. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर तांब्याचा लालसरपणा फिका पडतो.

सेटिंग

मॅन्युअल, आयएसओ १००, एफ/८. लेन्सचं छिद्र यापेक्षा जास्त बंद करू नका. अर्ध्या आकारात एफ/८ प्रत्यक्षात एफ/१२ इतकं बारीक होतं, त्यापुढे सगळंच मऊ पडत जातं. उठाव मिलिमीटरच्या आतला असतो, त्याला एफ/८ पुरतं, फक्त नाणं आणि सेन्सर समांतर हवेत. त्यासाठी नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवून कॅमेऱ्यातून पाहा. लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मध्ये दिसलं की झालं.

शटर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून ठरवा. स्वस्त एलईडी विजेबरोबर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, म्हणून १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवलं की पट्टे येत नाहीत. दोन सेकंदांचा टायमर लावाच. आणि पंखा बंद. मे महिन्यात जिवावर येतं, पण १/१० च्या शटरला वाऱ्याने हललेला स्टँड फोटो घालवायला पुरतो.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको. तांब्याने चौकट भरली की कॅमेरा त्याची लालीच उतरवतो. करड्या कार्डावरून एकदा ठरवा आणि तोच दिवसभर ठेवा. फोनमध्ये निदान बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. पार्श्वभूमी साधी, करडी किंवा काळी. आपल्या सोलापुरी चादरीचा अभिमान मलाही आहे, पण लाल चादरीवर ठेवलेल्या चांदीच्या कडेला लाल छटा चढते.

मग घ्यायचं काय?

डब्यात मुख्यतः तांबं असेल आणि ओळख पटवण्यापुरते फोटो हवे असतील, तर मोबाइल, स्टँड आणि एक टेबललॅम्प, बाकी काही नको. शेकडो नाण्यांची नोंदवही करायची असेल तर जुना सीसीडी स्कॅनर. चांदी विकायची असेल किंवा छापायला द्यायचं असेल, तरच जुना कॅमेरा आणि ९० ते १०५ मिमीची मॅक्रो. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी दिवे आणि स्टँड घ्या. चांगल्या दिव्यातला फोन वाईट दिव्यातल्या मॅक्रोला हरवतो, हे मी कुणालाही शेजारी शेजारी ठेवून दाखवायला तयार आहे.

फोटोसाठी नाणं चिंचेने किंवा राखेने घासू मात्र नका. घासलेल्या तांब्याचा गुलाबी रंग जाणकाराला फोटोतही लगेच कळतो आणि किंमत तिथेच पडते. धूळ हवेच्या फुंकणीने उडवा.

दोन्ही बाजू एकाच दिव्यात, दिवा न हलवता काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी असलेला एक जादा फोटो ठेवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, कारण साध्या फोटोतले निम्म्याहून अधिक पिक्सेल वाटेतच गळतात.